डोळे मिटून कुणी दाखवतं का?

दोन्ही हात अडकलेले असताना माणूस एखादी गोष्ट कशी दाखवतो, हे कुणाला शिकवावं लागतं का? आमच्या नावोतास बंदरातल्या मासळीधक्क्यावर जा आणि कुणालाही विचारा, बर्फाची गाडी कुठे उभी आहे. बाईच्या दोन्ही हातांत मासळीचं घमेलं असतं. ती आधी डोळ्यांनी तिकडे बघते, भुवया उचलते, हनुवटी जराशी पुढे करते आणि ओठ पुढे काढून दिशा दाखवते. झालं. तुम्ही चालू लागता. यात शोध कसला आणि कला कसली? तरीही या गोष्टीच्या मालकीचा कागद एके दिवशी कॅलिफोर्नियाहून आमच्याकडे आला, वर एका माणसाच्या नावासकट. त्या कागदाबरहुकूम आते पुरिंगने स्वतःच्या आईचं तोंड सुधारून काढावं असा हुकूम झाला. पंचवीसेक वर्षं उलटली, पण हे लिहिताना अजून माझं डोकं तापतं.

आते पुरिंग म्हणजे पुरिफिकासिओन दिमाआंदाल. आते म्हणजे थोरली बहीण. आमच्या स्टुडिओत चाळीस चित्रकार होते आणि तिच्याहून मोठेही दोघेतिघे होते, पण तेही तिला आतेच म्हणायचे. ती नावोतासची. बाप बोटीवर गेला तो परत आला नाही, आईने धक्क्यावर मासळी विकून तीन पोरं वाढवली. पुरिंग सगळ्यात थोरली. बर्फाच्या पेट्यांवर कोळशाने चित्रं काढत ती शिकली. मासा कापताना सुरी कशी फिरते, घमेलं उचलताना कंबर कुठे मोडते, हे तिला कुठल्या शाळेने शिकवलं नव्हतं. शाळेत शिकून आलेल्या आमच्यासारख्यांची चित्रं ती बोटांत धरून फरफर उलटायची आणि म्हणायची, "आर्सिंग, हा माणूस पाण्याची बादली उचलतोय की रिकामी टोपी? वजन कुठंय रे?"

आर्सिंग म्हणजे मी. माझं टेबल तिच्या शेजारी होतं. खालून दिवा लावलेली तिरकी काच, वर तीन भोकांचे कागद आणि बाजूला एक गोल आरसा, असं प्रत्येकाचं टेबल. आरसा नटण्यासाठी नव्हता. पात्र रडायचं असलं की चित्रकाराने आधी आरशात रडून बघायचं. चाळीस माणसं आपापल्या आरशात दात विचकताहेत, जीभ काढताहेत, भेदरताहेत, असं दृश्य बाहेरचा माणूस बघून पळूनच गेला असता.

आणि दुपारी तीन वाजता आलिंग सेपा यायची. पुरिंगची आई. आलिंग म्हणजे मावशी. गुडघे गेल्यावर तिने मासळी सोडली होती आणि पुतो नि कुत्सिंता, म्हणजे तांदळाचे वाफवलेले गोड गोळे, करून विकायला लागली होती. दोन्ही हातांवर भलं मोठं सूप, वर केळीचं पान. दारातूनच ओरडायची, "उठा रे बाहुल्यांनो, खाऊन घ्या! कागद खाऊन पोट भरत नाही!" कुणी विचारलं, "आलिंग सेपा, खोबरं कुठंय?" तर ओठ काढून सुपाच्या कोपऱ्याकडे दाखवायची. तेव्हा त्यात कुणाला काही दिसलं नाही. श्वास घेताना कुणाला दिसतं का?

अमेरिकेतल्या मुलांच्या एका वाहिनीने तेव्हा एक नवी मालिका काढली होती. दर आठवड्याला सात-सात मिनिटांची तीन कोरी कार्टूनं, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. प्रत्येक कार्टून म्हणजे एक पायलट, चाचणीचा भाग. मुलांनी फोन करून आपली पसंती कळवायची. ज्याला डोक्यावर घेतील त्याची स्वतंत्र मालिका निघणार, बाकीच्यांचा सात मिनिटांत जन्म आणि सात मिनिटांत मरण. प्रत्येक पायलटच्या सुरुवातीला ज्याने ते सुचवलं त्याचं नाव मोठ्या अक्षरांत यायचं. कल्पना तिकडची, गोष्ट तिकडची, आवाज तिकडचे. चित्रं हलवायचं काम मात्र आमच्या कालूकनच्या स्टुडिओत. सात मिनिटांना सहा-सात हजार चित्रं लागतात. ती आम्ही काढायचो. शेवटी नावांची यादी पळायची, तिच्यात एका ओळीत आमच्या स्टुडिओचं नाव असायचं. एवढंच.

त्यातलंच एक पायलट होतं मर्नाचं. मर्ना म्हणजे रस्त्याकडेच्या खाणावळीत वाढणारी एक पाणघोडी. खरं सांगायचं तर गोष्ट बेताचीच होती. एक्केचाळिसाव्या दृश्यात मर्ना आठ ताटं घेऊन चाललेली असते, गिऱ्हाईक विचारतं, "मोरी कुठे?" आणि सूचनेच्या कागदावर लिहिलेलं: मर्ना बोटाने दाखवते.

आते पुरिंगने कागद दोनदा वाचला. "बोट? चार ताटं या हातात, चार त्या हातात. आता तिसरा हात मी कुठून आणू, पाणघोडीच्या शेपटीला लावू?"

चूक त्यांची होती. पण नियम असा, की तिकडून आलेल्या सूचनेत काडीचाही बदल करायचा नाही, फॅक्स पाठवून विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. तयार कामाच्या पेट्या गुरुवारच्या विमानाने जायच्या होत्या. आणि मला विचाराल तर आतेला आपण काही बदलतोय असं वाटलंच नाही. हात अडकलेत, दाखवायचं आहे, मग बाई काय करेल? तिने आरशात बघितलं, एकदाच, आणि आरशात आलिंग सेपा आली. डोळे आधी, मग भुवया, मग हनुवटी, मग ओठ. तेवीस चित्रं. वजन जिथल्या तिथे.

ती तेवीस चित्रं दिग्दर्शकाने बघितली, तपासणाऱ्याने बघितली, रंगवणाऱ्या पोरींनी रंगवली, कॅमेऱ्यावाल्याने टिपली. कुणीही हात वर करून म्हणालं नाही, की अरे, सूचनेत तर बोट लिहिलंय. कारण आमच्या लेखी मर्नाने दाखवलं होतं. अशी चूक जगात फक्त आम्हीच करू शकतो, आणि तिचा मला अजून अभिमान आहे.

कॅलिफोर्नियात पेटी उघडली तसा फॅक्स आला: पाणघोडी मोरीकडे बघून मुका का घेते आहे? पण परत काढायला वेळ उरला नव्हता, तसंच लागलं. आणि मुलं हसून हसून वेडी झाली. अठ्ठेचाळीस पायलटांत मर्ना पहिली आली.

चित्रफीत आमच्याकडे आली तेव्हा जेवणाच्या खोलीत टीव्ही लावून सगळ्यांनी बघितली. आलिंग सेपा सूप मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत. मर्नाने ओठ काढले तशी म्हातारी चमकली. "अगं, ही घोडी धक्क्यावरची दिसते!" सगळे हसलो. पुरिंग खाली मान घालून हसत होती. मग नावं पळायला लागली. आलिंग सेपाला ती भाषा वाचता येत नव्हती, पण लेकीच्या नावाचा आकार ठाऊक होता. यादी संपेपर्यंत बघत राहिली आणि मग म्हणाली, "तुझं कुठंय गं? लवकर गेलं का?"

"सगळ्यांची नसतात घालत, आई."

"सगळ्यांची कोण म्हणतंय? तुझं म्हणतेय मी."

मग बातमी आली, की मर्नाची मालिका होणार, तेरा भाग, आणि काम आमच्याचकडे. स्टुडिओचे साहेब सर रोमी, माणूस मिठास, सगळ्यांना एकत्र करून म्हणाले, की या वेळी करारात नवीन कलम आहे. मुख्य चित्रकाराचं नाव पडद्यावर येणार. एका माणसाचं, एकट्याचं, पूर्ण ओळ. आणि ती जागा पुरिंगची. चाळीस माणसांनी टेबलं बडवली. अकरा वर्षं तिने तिकडच्यांची चित्रं हलवली होती आणि एकदाही नाव आलं नव्हतं. आलिंग सेपाने दुसऱ्या दिवशी अख्ख्या धक्क्याला सांगितलं. पॅरिशच्या फादरला सांगितलं. पहिल्या भागाच्या दिवशी टीव्ही अंगणात काढायचा हेसुद्धा ठरलं.

पहिला भाग म्हणजे ते पायलटच, थोडं वाढवलेलं. त्याची चित्रं तिकडे गेली आणि दहा दिवसांनी एक जाडजूड लिफाफा आला. आत मर्नाचं मॉडेल शीट, म्हणजे पात्र कसं दिसावं याचा ठरलेला नमुना. सगळ्यांनी त्याच्यासारखं काढायचं. वर ठळक अक्षरांत: मर्नाचा मुका. निर्माता, क्रेग वेक्सलर, म्हणजे ज्याने मर्ना सुचवली होती तोच. खाली चार चित्रं. पहिल्यात मर्ना डोळे मिटते. दुसऱ्यात ओठांचा चंबू. तिसऱ्यात चंबूतून चट्ट असा आवाज आणि दोन चांदण्या. चौथ्यात लाजते. बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं, की हा मर्नाचा खास हावभाव आहे, चित्रकारांनी तो काळजीपूर्वक अभ्यासावा.

आणि त्याच्यासोबत आतेच्या त्याच एक्केचाळिसाव्या दृश्यावर लाल शिक्का: रीटेक. पुन्हा काढा. कारण: हावभाव नमुन्याबरहुकूम नाही.

मी शपथेवर सांगतो, चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. एकवेळ घेतलंत, घ्या. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे परक्यांच्या राज्यात तीनशे वर्षं काढलेल्या आम्हाला माहीत आहे. पण घेतलेलं मोडून, वाकडं करून, वर आम्हालाच परत पाठवायचं, की हे बघा, नीट शिका?

पुरिंगने शीट दिव्यावर धरलं. मग एवढंच म्हणाली, "डोळे मिटून कुणी दाखवतं का?"

सर रोमी येऊन तिच्या टेबलाच्या कडेला बसले. "पुरिंग, बाई, तेवीस चित्रं तर आहेत. तुझ्यासाठी दोन दिवसांचं काम."

"सर, डोळे मिटले तर कळणार कसं कुठे दाखवते ते?"

"कळायला कशाला हवंय? मुलं हसली म्हणजे झालं."

"ती माझी आई आहे, सर."

"पाणघोडी आहे ती, पुरिंग."

"पाणघोडी त्यांची. तोंड माझ्या आईचं." ती शांतपणे पेन्सिल ब्लेडने तासत होती. "मी खोटं नाही काढणार. त्यांना सांगा, वरचं ते नाव खोडा आणि डोळे उघडे ठेवा. नाव माझं घालू नका हवं तर. पण त्याचंही नको."

सर रोमींनी कपाळाला हात लावला. "नाव खोडा म्हणे! अगं, तो स्वतः येतोय शुक्रवारी. तुलाच भेटायला येतोय, मुख्य चित्रकाराला. शुक्रवारपर्यंत ती तेवीस चित्रं टेबलावर नसली तर ती खुर्ची तुझी नाही. मी काय करू, सांग. पडद्यावरचं नाव घालवशील एका चंबूपायी?"

शुक्रवारपर्यंत आम्ही सगळे तिला समजावत होतो. मीसुद्धा. मी म्हणालो, "आते, एकदा नाव लागू दे, मग हळूहळू डोळे उघडू तिचे." तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी माझा आरसा पुसायला घेतला.

शुक्रवारी स्टुडिओत पताका लागल्या. पन्सितच्या शेवया आणल्या, लाल सरबत आणलं, पंखे पुसले. क्रेग वेक्सलर एकोणतिशीचा, हाफ पँट, उलटी टोपी, सगळ्यांशी हात मिळवत फिरणारा. माणूस वाईट नव्हता, याचाच मला जास्त राग येतो. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळे झालो असतो. त्याला खरोखर वाटत होतं की ते त्यालाच सुचलं. पायलट बघताना हसला, कागद ओढला, काढलं, नाव घातलं. आधी कुणी काढलं असेल हा प्रश्न त्याच्या डोक्याच्या दारातही उभा राहिला नाही.

तो म्हणाला, "मर्ना हलवणारी ती थोर बाई कुठे आहे?"

सर रोमींच्या हातात सरबताचे दोन पेले. माझ्या हातात पन्सितची ताटली. सगळ्यांच्याच हातात काही ना काही. चाळीस माणसांनी एकदम डोळे वळवले, भुवया उचलल्या आणि ओठ काढून पुरिंगच्या टेबलाकडे दाखवलं.

क्रेग थक्क झाला. मग टाळ्या वाजवायला लागला. "अरे वा! तुम्ही सगळ्यांनी सराव केलात! डोळे तेवढे मिटायचे राहिले."

सर रोमी हसले, आणि ते हसले म्हणून आम्हीही थोडे हसलो. लिहायची लाज वाटते, पण हसलो.

नेमके तीन वाजले होते. आलिंग सेपा दोन्ही हातांवर सूप घेऊन दारात. क्रेग तिला वाट द्यायला सरकला आणि खुणेने, हात धुतल्यासारखं करत, विचारलं, मोरी कुठे? म्हातारीने त्याच्याकडे बघितलं, मग जिन्याकडे बघितलं, भुवया उचलल्या, हनुवटी पुढे, ओठ.

तो आनंदाने ओरडलाच. "खाऊवाल्या आजीलासुद्धा शिकवलंत! रोमी, तुमची माणसं भारी आहेत!"

पुरिंग उठली. तिला त्यांची भाषा चांगली येत होती. ती म्हणाली, "ही माझी आई. एकाहत्तर वर्षांची आहे. हिने मला शिकवलं, मी मर्नाला शिकवलं, मर्नाने तुम्हाला. तुम्ही कागदावर तुमचं नाव घातलंत."

तो गोंधळला. टोपी काढली, घातली. "किती गोड!" म्हणाला. "खरंच गोड. पण आपल्याला सगळ्या भागांत एकसारखं लागतं ना. नमुना तो नमुना."

"मग बसा," पुरिंगने खुर्ची मागे ओढली. "आरसा आहे, पेन्सिल आहे. तुम्हीच दाखवा. दोन्ही हातांत ताटं आहेत समजा. मला ते दार दाखवा."

बिचारा बसला. आरशात बघून डोळे मिटले, चंबू केला, चट्ट असा आवाज काढला. एकदा, दोनदा. आलिंग सेपा सूप धरून कौतुकाने बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "भूक लागलीय गं पोराला, मघापासून मिटक्या मारतोय. दे त्याला एक पुतो."

या वेळी मात्र खोली खरी हसली. क्रेगला शब्द कळले नाहीत, हसू कळलं. कान लाल झाले त्याचे. त्याने पुतो घेतला, धन्यवाद म्हणाला आणि सर रोमींबरोबर आतल्या केबिनमध्ये गेला. दार लागलं.

अर्ध्या तासाने सर रोमी बाहेर आले. पुरिंगच्या टेबलावरचं एक्केचाळीस नंबरचं ते पाकीट त्यांनी उचललं. क्षणभर इकडेतिकडे बघितलं आणि ते माझ्या टेबलावर ठेवलं.

इतका वेळ मी इतरांवर तोंडसुख घेतलं. आता माझं ऐका. बायकोला सातवा महिना होता, हे खरं. मी नाही तर पलीकडच्या टेबलावरच्याने घेतलं असतं, हेही खरं. सबबी पैशाला पासरी मिळतात. खरं कारण एवढंच, की पाकीट टेबलावर पडलं तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते पडद्यावरचं नाव. आर्सेनियो काटिगबाक. पूर्ण ओळ. मी दोन दिवसांत तेवीस चित्रं काढली. डोळे मिटले, चंबू काढला, चांदण्यासुद्धा काढल्या.

सोमवारी पुरिंग आपला आरसा आणि पेन्सिली पिशवीत भरत होती. जाताना माझ्या टेबलाशी थांबली. माझी तेवीस चित्रं उचलली आणि सवयीने फरफर उलटली. मी मान वर केली नाही. ती म्हणाली, "सतराव्यात डाव्या हातातली ताटं कलंडताहेत, आर्सिंग. वजन सांभाळ." आणि गेली. तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

ती नावोतासला पॅरिशच्या शाळेत शनिवारी पोरांना चित्रकला शिकवायला लागली, बाकीचे दिवस आईबरोबर पुतो वाफवायची. मर्नाची मालिका दोन वर्षं चालली. पहिल्या भागाच्या दिवशी आलिंग सेपाने टीव्ही अंगणात काढला की नाही, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. माझं नाव प्रत्येक भागात आलं. तीन सेकंद राहायचं. मी मोजलेत.

पुढे आम्ही नावोतासला लागूनच असलेल्या मालाबोनला राहायला गेलो. माझी टेसा चार वर्षांची होती, मर्नाचे जुने भाग पुन्हा लागायचे आणि ती टीव्हीला चिकटलेली असायची. एके सकाळी गल्लीत ओळखीची हाक आली. "पुतोऽ, कुत्सिंताऽ!" मी खिडकीतून बघितलं तर आलिंग सेपा. वाकली होती, पण सूप दोन्ही हातांवर तसंच. मला बघून काय म्हणेल या भीतीने मी मागे सरकलो आणि खोलीच्या दाराआड उभा राहिलो. टेसा अंगणात दोन बाहुल्या उराशी धरून उभी होती.

आलिंग सेपा फाटकाशी थांबली. "बाळ, हे आर्सिंगचं घर ना? बाबा कुठे आहेत तुझे? त्यांच्या आतेने निरोप दिलाय, शनिवारी पोरांना शिकवायला येता का म्हणून."

टेसाचे दोन्ही हात अडकलेले. तिने मला दाराआड सरकताना बघितलं होतं. ती मला दाखवत होती, हे मला दाराआडून स्पष्ट दिसलं. तिने डोळे गच्च मिटले, ओठांचा चंबू केला आणि चट्ट असा आवाज काढला.

म्हातारी बघत राहिली. "बाबा कुठे, बाळ?"

टेसाने पुन्हा डोळे मिटले, पुन्हा चट्ट केलं.

"अगं माझी गुणाची पोर ती, मुका देतेय मला!" असं म्हणून आलिंग सेपाने सूप कठड्यावर टेकवलं, वाकून गाल पुढे केला आणि मुका घेतला. मग तिने एकदा घराकडे, एकदा गल्लीकडे बघितलं, कुणी दिसेना म्हणून सूप उचललं आणि पुढच्या घराला हाक दिली. मी दाराआडून बाहेर आलो नाही.